मांडवातली चार फूट जागा : उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या पदाधिकाऱ्यांस खुले पत्र

उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या सर्व पदाधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत मी एक साधी विनंती केली होती. प्रसादाच्या रांगेपाशी, चपला काढून ठेवतात तिथे, जी चार फूट जागा दरवर्षी मोकळीच राहते, तिथे मतदार नोंदणीचे एक टेबल मांडू द्यावे. विनंती फेटाळली गेली आणि उत्तर मिळाले ते तीन शब्दांचे : "मंडळात राजकारण नको." ते मंडळ कोणते, हे महत्त्वाचे नाही. इतर शहरांतल्या मैत्रिणींनाही थोड्याफार फरकाने हेच ऐकावे लागले आहे, म्हणून हे पत्र एका मंडळाला न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे.

टेक्सासमध्ये दुसऱ्याकडून मतदार नोंदणीचा अर्ज भरून घेऊन तो कचेरीत पोहोचवायचा असेल, तर आधी काउंटीकडून, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडून, नेमणूक घ्यावी लागते. अशा स्वयंसेवकाला 'व्हॉलंटिअर डेप्युटी रजिस्ट्रार' म्हणतात. अर्ज घेतला की पावती द्यायची, पाच दिवसांच्या आत तो जमा करायचा आणि सम वर्षाच्या ३१ डिसेंबरला नेमणूक संपली की ती नव्याने घ्यायची, असा हा रिवाज आहे. एका काउंटीची नेमणूक दुसरीत चालत नाही, त्यामुळे ह्यूस्टन शहरात, म्हणजे हॅरिस काउंटीत, राहणाऱ्या मला शुगरलँडच्या मैत्रिणींचे अर्ज घेण्यासाठी फोर्ट बेंड काउंटीची वेगळी नेमणूक घ्यावी लागली. हे काम मी गेली आठ वर्षे करते आहे. ते मला कोणत्याही मराठी किंवा भारतीय संस्थेने शिकवले नाही. गल्फटन वस्तीतल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, बायकांनी शिकवले.

ह्यूस्टनला आलेल्या प्रत्येक मराठी माणसाने हिलक्रॉफ्ट रस्ता पाहिलेला असतो. साड्या, सोने, कढीपत्ता, हापूसच्या पेट्या, सगळे तिथेच मिळते, आणि २०१० पासून त्या भागाला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असे नावही आहे. त्याला जवळजवळ खेटूनच गल्फटन आहे. सत्तरच्या दशकात तेलाची भरभराट होती तेव्हा तरुण नोकरदारांसाठी बांधलेल्या तिथल्या अपार्टमेंट्स पुढे तेलाचा भाव कोसळल्यावर ओस पडल्या, आणि मालकांनी त्या एल साल्वादोर, ग्वाटेमाला, होंडुरास, मेक्सिको इथून आलेल्या कुटुंबांना भाड्याने दिल्या. आपण कित्येक वर्षे त्या रस्त्याने गाडी हाकत किराणा आणायला जातो, पण डावीकडे वळत नाही. मीही वळले नव्हते.

मला तिथे नेणारी बाई मूळची साल्वादोरची, दुसऱ्यांच्या घरांची साफसफाई करणारी, आणि शनिवारी वॉशाटेरियात मतदार नोंदणी करणारी. (नाण्यांवर चालणाऱ्या धुलाईघराला टेक्सासमध्ये वॉशाटेरिया म्हणतात.) मी तिला विचारले होते की, चर्च सोडून इथे का? ती म्हणाली, चर्चमधून माणसे घाईने बाहेर पडतात. इथे यंत्र फिरत असते तोवर बाई कुठेही जात नाही आणि तिच्या हाताला कामही नसते. त्या अर्ध्या-पाऊण तासात ती आधी मुलांची चौकशी करी, मग भाडेवाढीची, मग शाळेच्या बसची, आणि शेवटी एकच प्रश्न विचारी : "तुमच्या घरात मत देऊ शकेल असं कोण आहे?"

या प्रश्नाची बांधणी मी आपल्यापुढे मुद्दाम ठेवते आहे. "तुम्ही नागरिक आहात का?" असे चारचौघांत विचारले, की कागदपत्रे नसलेली बाई उठून जाते आणि ग्रीन कार्डवालीही बावरते. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या व्यक्तीने केंद्रीय निवडणुकीत मत देणे हा १९९६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि चुकून केलेल्या नोंदणीमुळेही पुढे नागरिकत्व नाकारले जाऊ शकते, देशाबाहेर काढले जाऊ शकते. म्हणून 'जो दिसेल त्याच्या हातात अर्ज' ही पद्धत स्थलांतरितांच्या वस्तीत धोक्याची आहे, आणि उत्साही पण अनभिज्ञ स्वयंसेवक तिथे उपकारापेक्षा अपकार जास्त करतात. "घरात कोण आहे?" या प्रश्नाने कोणालाच स्वतःविषयी काही कबूल करावे लागत नाही. उत्तर येते : मी नाही, नवराही नाही, पण थोरली मार्चमध्ये अठराची होते. आणि जिला स्वतःला मत नाही अशी ती आई मग त्या घरातली सर्वांत कडक निवडणूक अधिकारी होते. मुलीला घेऊन पुढच्या शनिवारी स्वतः हजर राहते.

प्यू संशोधन केंद्राच्या हिशेबानुसार २०२४ मध्ये अमेरिकेत मतदानास पात्र लॅटिनो नागरिकांची संख्या ३ कोटी ६२ लाख होती आणि दरवर्षी सरासरी सुमारे १४ लाखांची भर पडते आहे. ही भर प्रामुख्याने इथेच जन्मलेल्या आणि नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या मुलामुलींची आहे. हे ओळखून टेक्सासमधल्या 'जोल्ट' या संस्थेने मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या समारंभात, किन्सेआन्येरामध्ये, मतदार नोंदणीचे टेबल मांडण्याची टूम काढली. उत्सवमूर्ती मुलीला अजून मत नसते, पण तिचे मामा, मावश्या, चुलतभावंडे सगळे एका दालनात आलेले असतात. आपल्याकडे बारशापासून अरंगेत्रमपर्यंत दोनशे माणसांचे किती समारंभ होतात, याचा हिशेब आपणच करावा.

या बायकांच्या कामाला जुनी परंपरा आहे आणि ती जाणून घेतल्याशिवाय त्यांची चिकाटी समजणार नाही. टेक्सासने १९०२ मध्ये मतदानासाठी डोईपट्टी लावली. वर्षाला दीड डॉलर राज्याचा आणि वर काउंटीचे पंचवीस सेंट, असे पावणेदोन डॉलर आगाऊ भरल्याशिवाय मत नव्हते. कापूस वेचणाऱ्या कुटुंबाला नवरा-बायको दोघांची पट्टी परवडत नसे, आणि एकाचीच भरायची तर कोणाची भरली जाई, हे सांगायला नको. राज्यातल्या निवडणुकांसाठी ही पट्टी १९६६ मध्ये न्यायालयाने रद्द करेपर्यंत टिकली. पुढे १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्याची मुदत वाढवताना त्यात भाषिक अल्पसंख्याकांचा समावेश झाला आणि टेक्सास त्याच्या कक्षेत आले. त्यासाठी झटणाऱ्या खासदार बार्बरा जॉर्डन या आमच्या ह्यूस्टनच्याच. त्या कायद्यामुळे, जिथे इंग्रजी न समजणाऱ्या एका भाषेच्या मतदार-नागरिकांची संख्या ठरावीक प्रमाणाबाहेर जाते, तिथे मतपत्रिका त्या भाषेतही द्यावी लागते. आज हॅरिस काउंटीची मतपत्रिका इंग्रजीबरोबर स्पॅनिश, व्हिएतनामी आणि चिनी भाषांत मिळते. न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली मतपत्रिका आली तीही याच तरतुदीतून. आपल्याला वाटते की तो त्यांचा लढा होता. त्याचे फळ मात्र आपल्या शेजारच्या बंगाली आजींच्या हातात आहे.

घरोघरच्या बैठकींचे तंत्र याहून जुने आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९४७ साली स्थापन झालेल्या 'कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन'ने मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत ओळखीच्याच्या घरी आठ-दहा जणांना बोलावून, चहा-कॉफीवर, मतदार नोंदणी आणि नागरिकत्वाचे वर्ग सुरू केले, आणि दोनच वर्षांत, १९४९ मध्ये, एडवर्ड रॉयबल शहराच्या कौन्सिलवर निवडून आले. १९५५ मध्ये याच संघटनेची स्टॉक्टन शाखा उभी करणाऱ्यांत डोलोरेस हुएर्ता होत्या. शेतमजुरांच्या चळवळीत त्यांचे नाव पुढे जगभर झाले, पण त्यांची पहिली शाळा ही दारोदारची नोंदणीच होती. टेक्सासमध्ये विली वेलास्केस यांनी १९७४ मध्ये सॅन अँटोनियोहून 'साउथवेस्ट व्होटर रजिस्ट्रेशन एज्युकेशन प्रोजेक्ट' सुरू केला. "तुमचे मत हाच तुमचा आवाज" ही त्यांची स्पॅनिश घोषणा आजही भिंतींवर दिसते. फलकांवर नावे पुरुषांची राहिली; याद्या, पावत्या, फोन आणि स्वयंपाक बायकांकडे राहिला. हे वाचताना एखाद्या पदाधिकाऱ्याला आपल्या मंडळाची आठवण झाली, तर त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही.

या कामाला त्यांच्याकडे शब्दही आहेत. 'प्रोमोतोरा' म्हणजे वस्तीतलीच बाई, जी आरोग्याची माहिती घरोघर पोहोचवते. आपल्या गावाकडच्या आशाताईंशी तिचे चांगले जमेल. 'तांदा' म्हणजे शुद्ध भिशी. आणि 'कोमाद्रे' म्हणजे मुलाची आई आणि त्याची धर्ममाता यांचे एकमेकींशी असलेले नाते. विहीण, जाऊ आणि जिवलग मैत्रीण यांच्या मध्ये कुठेतरी बसणारे. निवडणुकीचा निरोप या नात्यांवरून जातो. मला एकदा एक बाई म्हणाली की, दारात अनोळखी माणूस आला तर मी पडद्याआडून पाहते, कोमाद्रे आली तर कॉफी ठेवते. मतदार जागृतीची कितीही चकचकीत पत्रके छापली, तरी या कॉफीला पर्याय नाही.

हा माझा भाबडेपणा नाही. येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवनमध्ये केलेल्या प्रयोगात समोरासमोरच्या भेटीने मतदान लक्षणीय वाढले, व्यावसायिक कंपनीकडून करवलेल्या फोनने मात्र जवळजवळ काहीच फरक पडला नाही. पुढे लिसा गार्सिया बेदोल्ला आणि मेलिसा मिशेलसन यांनी कॅलिफोर्नियात लॅटिनो आणि आशियाई वस्त्यांमधल्या स्थानिक संस्थांबरोबर शेकडो प्रयोग केले. त्यांतून दिसले ते असे की, कमी मतदान करणाऱ्या समाजातही ओळखीच्या संस्थेच्या माणसाने केलेला संपर्क उपयोगी पडतो, आणि पहिल्या वेळी "हो, जाईन" म्हणणाऱ्याशी दुसऱ्यांदा बोलले तर परिणाम बराच वाढतो. दुसऱ्यांदा बोलणे, यातच सगळी मेख आहे. पक्षांचे लोक ऑक्टोबरात उगवतात, स्पॅनिशमध्ये दोन वाक्ये बोलतात, मेक्सिकन मारिआची संगीत वाजवतात आणि नोव्हेंबरात मतदानाच्या दुसऱ्या दिवशी गायब होतात. वॉशाटेरियातली बाई फेब्रुवारीतही तिथेच असते.

आता आपल्या मूळ आक्षेपाकडे येते. मतदार नोंदणी म्हणजे राजकारण, हा समज कायद्यालाही धरून नाही आणि अनुभवालाही. आपली बहुतेक मंडळे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत. अशा संस्थांना कोणत्याही उमेदवाराचा किंवा पक्षाचा प्रचार करता येत नाही, पण निःपक्षपाती मतदार नोंदणी आणि मतदार शिक्षण करता येते, हे आपल्या सनदी लेखापालांना एका फोनवर विचारून घ्यावे. अनुभवाचे म्हणाल, तर टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी पाहा. तिथली जवळजवळ सर्व वस्ती लॅटिनो. २०२४ मध्ये तिने शंभराहून अधिक वर्षांत पहिल्यांदा अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. ज्यांना वाटत होते की लॅटिनो नोंदणी म्हणजे एका पक्षाची तिजोरी, त्यांनी डोक्याला हात लावला. माझ्या साल्वादोरी मैत्रिणीला त्या निकालाचे दुःख झाले की आनंद, हे मला ठाऊक आहे, पण तिने त्याच महिन्यात पुन्हा अर्जांचा गठ्ठा आणला, आणि कोणाचा अर्ज कोणत्या पक्षाच्या घरातून आला हे तिने कधी पाहिले नाही.

भीतीचाही उल्लेख करायला हवा, कारण बंद दारामागे आपल्यातले काही जण "उगाच नजरेत कशाला यायचे?" असे म्हणतात. ही भीती निराधार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या तपासात सॅन अँटोनियो परिसरात 'लुलॅक' या १९२९ पासूनच्या लॅटिनो संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या घरी झडत्या झाल्या. त्यांत ८७ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. फ्लोरिडाने २०२३ मध्ये नागरिक नसलेल्यांना नोंदणी अर्ज गोळा करण्यास मनाई करणारा कायदा केला. ती तरतूद न्यायालयाने रोखली. अशा वातावरणात नियम काटेकोर पाळणे हाच बचाव आहे, आणि नियम काटेकोर पाळण्यात, कागद जपून ठेवण्यात, आपल्याइतका वाकबगार समाज मी पाहिलेला नाही. व्हिसाच्या फायली वीस-वीस वर्षे सांभाळणाऱ्यांना एका पावतीपुस्तकाची धास्ती वाटू नये.

आणि गरज आपल्यालाही आहे. आपल्या एकेका घरात एकाचे ग्रीन कार्ड, एकाचा एच-१बी, इथे जन्मलेली मुले नागरिक आणि मुलाने बोलावून घेतलेले आई-वडील, अशी सरमिसळ असते; गल्फटनमध्ये ज्यांना 'मिश्र' कुटुंबे म्हणतात, तीच ही, फक्त पगार वेगळा. बायकांची नावे हा आणखी एक गुंता : पासपोर्टवर माहेरचे, नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर नवऱ्याच्या नावासकट चार शब्दी, आणि लायसन्सवर जागा पुरली तेवढे. नागरिकत्वाच्या शपथविधीनंतर दारातच नोंदणी करून घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या टेबलांचा पूर्वी मोठा आधार होता. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय नागरिकत्व खात्याने धोरण बदलले आणि आता तिथे फक्त राज्याच्या व स्थानिक निवडणूक अधिकाऱ्यांनाच हे करता येते. म्हणजे नव्या नागरिकाला शपथेच्या दिवशी टेबल दिसेलच याची खात्री नाही. ते त्याला गणपतीत दिसायला काय हरकत आहे?

आजी-आजोबांविषयी थोडे अधिक. वयाची ५५ वर्षे आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षे पूर्ण झालेल्यांना नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजीची सूट मिळते आणि नागरिकशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरे दुभाष्याच्या मदतीने मराठीतून देता येतात. त्यानंतर मतदान केंद्रावर इंग्रजी मतपत्रिका वाचता येत नसेल, तर मतदान हक्क कायद्यानुसार स्वतःच्या पसंतीची व्यक्ती मदतीला नेता येते. फक्त ती व्यक्ती मालक किंवा कामगार संघटनेची प्रतिनिधी असता कामा नये. सून नेली तरी चालते. हे मी अनेक घरांत सांगितले तेव्हा "असे असते?" हेच ऐकले. ज्या आजींनी सांगलीत किंवा साताऱ्यात उन्हात रांगा लावून प्रत्येक निवडणुकीत मत दिले, त्या इथे नागरिक होऊनही घरी बसतात, कारण कोणी त्यांना विचारलेलेच नाही.

१९२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून १९४६ च्या कायद्यापर्यंत भारतातून आलेल्यांना या देशाचे नागरिकच होता येत नव्हते. त्या कायद्यासाठी झटलेल्या दलिपसिंग सौंद यांना १९४९ मध्ये नागरिकत्व मिळाले आणि १९५६ मध्ये ते कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले. त्यांच्या मतदारसंघातल्या इम्पीरियल व्हॅलीत पंजाबी शेतकरी आणि मेक्सिकन बायका यांची कितीतरी कुटुंबे होती. मक्याची रोटी आणि तोर्तिया एकाच तव्यावर भाजणारी. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून निवडून आले, ते काही मराठी मतांवर नव्हे. शेजाऱ्याच्या दारात जाण्यावाचून इथे कोणाही स्थलांतरिताचे भागलेले नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक मंडळाने आपल्या राज्याच्या नियमांनुसार किमान दोन सभासदांना नोंदणीचे प्रशिक्षण घेऊ द्यावे, आणि त्यांतली एक तरी स्त्री असावी. गणेशोत्सव, दिवाळी आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला टेबल असावे. त्यावर पक्षाचे चिन्ह, उमेदवाराचे पत्रक, टोपी, बिल्ला काहीही असू नये. मराठी शाळेच्या वर्गांबाहेर थांबणाऱ्या पालकांना शाळा मंडळाच्या निवडणुकीची तारीख सांगावी. दिवाळीची सुट्टी हवी म्हणून आपण सह्यांच्या मोहिमा काढतो. ती सुट्टी देणारे सदस्य ज्या निवडणुकीत निवडले जातात, तिला आपल्यातले किती जण जातात? आणि शेवटची मागणी, जी मला सर्वांत जवळची आहे : एखाद्या शनिवारी आपल्या कार्यकारिणीतल्या चार जणांनी शेजारच्या लॅटिना गटाबरोबर काम पाहायला जावे. भाषण करायला नव्हे, आणि त्यांच्या समारंभात लेझीम दाखवायलाही नव्हे. खुर्च्या मांडायला आणि ऐकायला.

या कामाचे मोलही त्याच वेळी ठरवावे. लास व्हेगासच्या हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या बायका ज्या पाककर्मी युनियनच्या सभासद आहेत, तिने करारातच अशी तरतूद करून घेतली आहे की, निवडणुकीच्या काळात दारोदार फिरण्यासाठी रजा घेता येते आणि नोकरी जात नाही. ती युनियन उघडपणे उमेदवारांची बाजू घेते, मंडळाने ते करू नये. पण बायकांचा वेळ फुकट नसतो, एवढे तिच्याकडून घ्यावे. टेबलावर बसणाऱ्या बाईला त्या दिवशी पोळ्यांच्या ऑर्डरीतून आणि वाढपातून सूट द्यावी, इतके तरी.

३ नोव्हेंबर २०२६ ला मध्यावधी, म्हणजे अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणारी, निवडणूक आहे आणि टेक्सासमध्ये नोंदणीची मुदत तिच्या सुमारे तीस दिवस आधी संपते. यंदाचा गणेशोत्सव सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो, म्हणजे वेळ जुळून आली आहे. टेबल आणि दोन घडीच्या खुर्च्या माझ्या गाडीत कायम असतात. चपलांशेजारची ती जागा तेवढी मोकळी ठेवावी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ह्यूस्टन येथील एक सभासद